पंप रूममधला लोखंडी दांडा
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खरं म्हणजे आज माझं भाषण ठरलेलं नव्हतं. गेल्या महिन्यात रौप्यमहोत्सवाची साफसफाई निघाली. टेरेस झालं, पार्किंग झालं, मग मुलांनी पंप रूम काढली. तिथं मोटारीच्या मागे भिंतीला टेकून एक लोखंडी दांडा उभा होता. सात फूट लांब, दोन्ही टोकांना भोकं, अंगावर गंज. सेक्रेटरी म्हणाले, "काका, हा पाइप भंगारवाल्याला देऊ का? कशाचा आहे ते कुणालाच माहीत नाही." मी म्हणालो, "देऊ नका. तो पाइप नाही, टोचन आहे." ते म्हणाले, "टोचन म्हणजे?" मग मी थोडं सांगितलं, आणि त्यांनी मला पकडलं. "हे सगळ्यांसमोर सांगायचं, स्मरणिकेसाठी लिहूनही द्यायचं." बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला 'लिहून द्या' म्हटलं की नाही म्हणता येत नाही. म्हणून उभा आहे.

आधी एक खुलासा करतो. ही गोष्ट ज्यांची आहे ते आपले सभासद इथंच, तिसऱ्या रांगेत बसलेले आहेत. त्यांना विचारूनच बोलतोय. त्यांची अट एकच, "नाव घेतलं तर मी मधूनच उठून जाईन." जुन्या लोकांना नाव कळेलच. नव्यांनी मागे वळून बघू नये. मी त्यांना नुसतं 'आमचे मित्र' म्हणेन.

साल 2004. दिवाळी नुकतीच झाली होती. आपल्या संस्थेची नोंदणी होऊन चार वर्षं झालेली. तेव्हा इथं कंपाउंड वॉल अर्धी होती, लिफ्टचा खड्डा होता पण लिफ्ट नव्हती. पैठण रोडला आजच्यासारखी दुकानं नव्हती. जायकवाडीचं पाणी आपल्या अंगणावरून औरंगाबादला जायचं आणि आपण टँकरची वाट बघायचो. तेव्हाच्या सभासदांत निम्मे लोक चितेगावच्या आणि आसपासच्या कारखान्यांत कामाला होते. शिफ्ट सुटली की जिन्यावर बुटांचा आवाज यायचा.

आमचे मित्र त्यांतलेच. कारखान्यातलं काम कमी होत गेलं तसं त्यांनी वेळीच ओळखलं, हिशोब घेतला आणि एक जुनी चारशेसात घेतली. टाटाची 407, तरुणांनी बघितली असेल, छोटा ट्रक. पतसंस्थेचं कर्ज होतं. कर्जाला जामीनदार दोन. एक मी आणि दुसरे आपले आयशरवाले चाचा. चाचांना जुने लोक ओळखतात. सी विंगमध्ये तळमजल्यावर राहायचे, स्वतःचा आयशर ट्रक होता. 2021 च्या कोरोनात आपण त्यांना गमावलं. आज ते इथं असायला हवे होते.

आता अडचण अशी की जामीनदार मी, आणि त्या वर्षी संस्थेचा खजिनदारही मीच. मित्रांकडे मेंटेनन्सचे सात महिने थकले होते. खजिनदार म्हणून मी काय केलं? नियमाप्रमाणे वागलो. संस्थेच्या लेटरहेडवर नोटीस टाइप करून घेतली. थकबाकी इतकी, उपविधीप्रमाणे व्याज इतकं, मुदतीत न भरल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली वसुलीची कारवाई. खाली सही, शिक्का. आणि ती नोटीस मी रात्री त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवली.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. जिन्यात भेटले तर मान खाली. मीही बोललो नाही. मनात म्हटलं, नियम हा नियम. महिनाभर असा अबोला होता.

आणि मग त्या रात्री नऊच्या सुमारास माझ्या घरचा फोन वाजला. तेव्हा आपल्या इमारतीत लँडलाइन तीन-चार घरांतच होती. पलीकडून आवाज आला, "साहेब, गाडी बसली."

मी म्हणालो, "कुठं आहात?"

"मालेगावच्या पुढं. वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव. ढाब्यावरच्या एसटीडीवरून बोलतोय. गाडीत संत्री आहे."

अमरावतीकडून आंबिया बहाराची संत्री भरून ते औरंगाबादच्या फळबाजाराला निघाले होते. दोन-अडीच टन माल. वाटेत रेडिएटरचा होज फाटला, पाणी गेलं. पाण्याचा काटा आधीपासूनच बंद होता, त्यामुळे कळलं तेव्हा उशीर झालेला. इंजिन तापून जाम झालं. संध्याकाळी पाचपासून रस्त्याच्या कडेला उभे.

तुम्हाला खरं सांगू का? मला पहिला विचार त्यांचा आला नाही. पहिला विचार कर्जाच्या हप्त्याचा आला. गाडी गेली तर हप्ता कोण भरणार? दोन जामीनदारांतला एक मी. बँकेतल्या माणसाचं डोकं असंच चालतं. आज एकवीस वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

मी विचारलं, "माझा नंबर कसा लक्षात राहिला?" ते थोडं थांबले आणि म्हणाले, "लक्षात नव्हता साहेब. नोटीस खिशात होती. तिच्यावर छापलेला आहे."

यावर मला काही बोलता आलं नाही. म्हणालो, "तिथंच थांबा. येतो."

फोन ठेवला आणि जिना उतरून त्यांच्या दाराशी गेलो. बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं, मला बघून चेहरा उतरला. त्यांना वाटलं, साहेब पैशासाठी आले. मी म्हणालो, "वहिनी, घाबरू नका, गाडी बंद पडलीय, माणूस सुखरूप आहे, आम्ही आणायला निघालोय." चार वर्षांत ती बेल मी पहिल्यांदा वाजवत होतो.

मग चाचांकडे गेलो. चाचा जेवत होते. ऐकलं, हात धुतले आणि म्हणाले, "साहब, गाड़ी खाली है, डीज़ल है, चलो." बस, एवढंच. बी विंगमध्ये तेव्हा आपले एक मेकॅनिक भाऊ राहायचे, पैठण रोडला त्यांचं गॅरेज होतं. त्यांना उठवलं. त्यांनी गॅरेज उघडून पाने, जॅक, वायर रोप आणि हा दांडा आयशरमध्ये टाकला. त्यांचा एक पोऱ्याही बरोबर आला. आमच्या घरून दशम्या, लसणाची चटणी आणि चहाचा थर्मास आला. इमारतीत तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. कुणी शंभर, कुणी पन्नास, असे डिझेलला पैसे आणून दिले. मी सवयीप्रमाणे पाकिटाच्या मागे नावं लिहून घेतली.

रात्री अकराला निघालो. नक्षत्रवाडी, कांचनवाडी, महानुभाव आश्रमाच्या चौकातून बीड बायपास, मग जालना रोड. करमाड, बदनापूर, जालना. तेव्हा समृद्धी महामार्ग नव्हता. नागपूरचा जुना रस्ता म्हणजे गावागावांतून जाणारा, कुठं चांगला तर कुठं खड्ड्यांचा. सिंदखेडराजाला चाचांनी गाडी हळू केली. जिजाऊंचं जन्मस्थान. अंधारात राजवाडा दिसत नव्हता, पण त्यांनी हात कपाळाला लावला. पुढं किनगावराजा, दुसरबीड, बीबी. सुलतानपूरला लोणारचा फाटा लागला. पोऱ्या म्हणाला, "काका, इथंच ते उल्का पडलेलं सरोवर ना? बघून जाऊ." मेकॅनिक भाऊंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मेहकर गेलं, डोणगाव गेलं, मालेगाव गेलं. दोनशे किलोमीटरच्या वर अंतर झालं, आणि पहाटे साडेतीनला हेडलाइटमध्ये ती चारशेसात दिसली. मागे रस्त्यावर झाडाच्या फांद्या आणि दगड मांडलेले, आणि कडेला घोंगडी घेऊन बसलेले आमचे मित्र.

ते उठले. काय बोलावं त्यांना कळेना, मलाही कळेना. शेवटी सौ.ने दिलेला थर्मास मी पुढे केला. चहा कोमट झाला होता.

मेकॅनिक भाऊंनी बॅटरीच्या उजेडात बघितलं. स्टार्टर मारला की नुसतं 'टक' व्हायचं. ते म्हणाले, "पिस्टन लायनरला चिकटलेत. हेड उतरवल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इथं उघडण्यात अर्थ नाही." आता दोन वाटा होत्या. मेहकरला किंवा जालन्याला कुठल्या गॅरेजला गाडी लावायची, म्हणजे काम नगदी, गाडी आठ-दहा दिवस तिथं उभी आणि माणूसही तिथं अडकलेला. किंवा गाडी घरी आणायची. भाऊ म्हणाले, "माझ्या दारात आणली तर मजुरी मी नंतर घेईन. पार्टचे पैसे तेवढे बघा."

ठरलं. घरी न्यायची.

पण आधी संत्री. भरलेली गाडी ओढायची नसते. ओढणारी गाडी नेहमी ओढल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा जड हवी, नाहीतर उतारावर मागची गाडी पुढचीला ढकलते. म्हणून सगळे क्रेट आयशरमध्ये घ्यायचे होते. आम्ही पाच माणसं, त्यातले मी आणि चाचा पन्नाशीचे. ढाब्यावरचा माणूस आवाज ऐकून आला, त्याने शेजारच्या वस्तीवरची चार पोरं आणली. हातोहात क्रेट गेले. दोन तासांत काम संपलं. मी खिशात हात घातला तर ढाब्यावाला म्हणाला, "पैसे कायले देता भाऊ? रस्त्यावरच्या माणसाचे पैसे घेत असतात काय?" पोरांनी ओंजळभर संत्री घेतली, तेवढंच.

निघताना चाचांनी एक गोष्ट केली ती मी विसरलो नाही. मित्रांनी गाडीमागे मांडलेले दगड आणि फांद्या त्यांनी एक-एक करून उचलून रस्त्याच्या खाली टाकल्या. म्हणाले, "अपनी गाड़ी गयी, पत्थर रह गये, तो पीछे से मोटरसायकलवाला मरेगा." आजही हायवेवर मी असे दगड बघतो, गाडी कधीच गेलेली असते. तेव्हा चाचांची आठवण येते.

उजाडल्यावर टोचन लावलं. दोरानेही गाडी ओढतात, पण दोर सैल पडतो, मग झटका बसतो, आणि पुढच्याने ब्रेक मारला की मागची गाडी सरळ त्याच्यावर जाते. दांडा असला की अंतर कायम राहतं. एक टोक आयशरच्या मागच्या हुकाला, दुसरं चारशेसातच्या पुढच्या हुकाला, पिन घालून तार पिळली. गिअर न्यूट्रल. किल्ली लावून स्टिअरिंग मोकळं आहे ना ते बघितलं. एका क्रेटच्या फळीवर खडूने 'गाडी टोचनवर आहे' लिहून मागे बांधलं. खुणा ठरल्या. एक हॉर्न म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांबा. बॅटरीवर फक्त हॉर्न आणि संध्याकाळचे दिवे चालवायचे, कारण इंजिन बंद असलं की बॅटरी चार्ज होत नाही.

चारशेसातच्या स्टिअरिंगवर मित्र बसले. रात्रभर झोप नव्हती. मेकॅनिक भाऊंना चाचांशेजारी बसून मागे लक्ष ठेवायचं होतं. मग मित्रांना जागं ठेवायला शेजारी कोण बसणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मंडळी, बंद गाडीत बसून दोनशे किलोमीटर आलात कधी? इंजिनाचा आवाज नसतो. चाकांची घरघर आणि दांड्याची कुरकुर तेवढी. रेडिओ नाही, मोबाइल नाही. समोर आयशरचं मागचं फळकूट, त्यापलीकडे संत्र्यांचा वास. शेजारी असा माणूस, ज्याच्याशी महिनाभर आपण बोललेलो नाही. आणि वेग ताशी पंचवीस. पळून जायला जागाच नाही.

मेहकरपर्यंत आम्ही फक्त रस्त्याविषयी बोललो. "खड्डा." "हो." "उतार आहे." "दिसला." इंजिन बंद असलं की ब्रेकला व्हॅक्यूम मिळत नाही, पेडल दगडासारखं होतं. उतारावर ते दोन्ही पाय लावून दाबायचे. गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं हे एका परीनं बरंच, नाहीतर तेही जड झालं असतं.

मेहकरच्या पुढं एका ठिकाणी चहाला थांबलो. परत बसल्यावर मीच म्हणालो, "नोटीस द्यायला नको होती का मी?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "नोटीस बरोबर होती साहेब. पैसे माझ्याकडे होतेच. सात महिने म्हणजे सात महिने. पण तुम्ही ती दाराखालून सरकवली. बेल वाजवली असती तर चहा पाजला असता. आणि काय झालंय ते सांगितलंही असतं."

मग त्यांनी सांगितलं. काय सांगितलं ते मी इथं बोलणार नाही, ते त्यांच्या घरचं आहे. एवढंच सांगतो की त्या सात महिन्यांत त्यांच्या घरावर जे आलं होतं ते मला एका जिन्याच्या अंतरावर राहून माहीत नव्हतं. मला त्यांच्या थकबाकीचा आकडा रुपये-पैशांपर्यंत पाठ होता. त्यांच्या घरात काय चाललंय ते माहीत नव्हतं.

मी बँकेत असताना कर्जाच्या फाइली बघायचो. हप्ता का थकला, हे विचारायला आम्ही शेतकऱ्याच्या बांधावर जायचो, दुकानदाराच्या दुकानात जायचो. वसुलीला जायच्या आधी चौकशीला जायचं, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. आणि माझ्याच इमारतीत, माझ्याच शेजाऱ्याच्या दाराशी मी ते विसरलो. फाटकी चूक होती ती. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब, पुढं उतार आहे." आणि दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले.

सिंदखेडराजाच्या अलीकडे एका पोलिसाने अडवलं. फळी वाचली, दांडा बघितला, लायसन्स बघितलं. "कुठून आणताय? कुठं न्यायची?" आम्ही सांगितलं. तो म्हणाला, "काका, हे लई लांब आहे. पंचविसाच्या वर जाऊ नका आणि अंधार व्हायच्या आत पोचा." आम्ही हो म्हणालो.

इथं मला एक कबुली द्यायची आहे, कारण मुलं ऐकतायत. नंतर मी नियम काढून वाचले. 1989 च्या रस्ता वापराच्या नियमांत तेव्हा टोचनचा नियम होता. बंद पडलेली गाडी ओढायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत. अंतर, लायसन्स आणि बहुतेक वेळ वेग, हे आम्ही पाळलं. पण 'जवळचं गॅरेज' म्हणून आम्ही चितेगाव गाठलं, तो सरळसरळ नियमभंग होता. काही झालं नाही ते नशीब. कुणी तसं करू नये. आणि गंमत बघा, सात महिन्यांच्या थकबाकीसाठी नियमावर बोट ठेवणारा माणूस दिवसभर नियम मोडत येत होता, शेजाऱ्यासाठी.

जालना ओलांडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. करमाडपासून अंधार पडू लागला. दिवसभर जपलेल्या बॅटरीवर मागचे दिवे लावले. बीड बायपासला गर्दीत जीव मुठीत होता. संध्याकाळी साडेसहाच्या पुढं पैठण रोडला लागलो. चितेगावला गॅरेजसमोर गाडी लावली, दांडा काढला, तेव्हा माझे गुडघे सरळ होत नव्हते.

चाचा उतरलेसुद्धा नाहीत. संत्री सकाळच्या लिलावाला पोचायला हवी म्हणून चहा पिऊन ते मित्रांना घेऊन तसेच बाजाराकडे गेले. थोडा माल दबला होता, बाकी विकला गेला.

इंजिनाचं काम तीन आठवडे चाललं. भाऊंनी मजुरी हप्त्यांनी घेतली. गाडी पुढं कित्येक वर्षं चालली, कर्ज फिटलं, जामीनदारांना एक पैसाही भरावा लागला नाही. मेंटेनन्सची थकबाकी त्यांनी अकरा हप्त्यांत पूर्ण भरली. माफी त्यांनी मागितली नाही आणि आम्ही दिली नाही. एका सभासदाला सूट देणं हे इतर सभासदांवर अन्याय असतं. पण पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडला. उपविधीत तेव्हा थकबाकीवर सरळव्याजाने 21 टक्क्यांपर्यंत व्याज लावता येत होतं. तो कमाल दर होता, तेवढाच लावलाच पाहिजे असं नव्हतं. आपण दर कमी केला, सगळ्यांसाठी. ठराव मंजूर झाला, तो आजही इतिवृत्तात आहे.

आणि एक रीत पडली, ती कुठं लिहिलेली नाही. थकबाकी झाली की नोटिशीच्या आधी कमिटीचे दोन सभासद घरी जायचे. बेल वाजवायची. बसायचं. चहा घ्यायचा. काय अडचण आहे ते विचारायचं. मग गरज असेल तर नोटीस. कितीतरी वर्षं आपण ही रीत पाळली. माझ्या आठवणीत या संस्थेत कलम 101 ची पाळी आली नाही. चहाच्या कपावरच हप्ते ठरले.

आता तरुण मंडळींसाठी दोन शब्द, कारण आज दर घरासमोर गाडी आहे. काळ बदललाय. त्याच जुन्या रस्त्याच्या आसपासून 2022 च्या डिसेंबरात समृद्धी सुरू झाला, आणि 2025 च्या जूनपासून नागपूर ते मुंबईजवळपर्यंत 701 किलोमीटर पूर्ण झाला. आता मालेगावहून इथं यायला तेव्हाच्या निम्माही वेळ लागत नाही. पण वेग वाढला तशी बंद गाडीची जोखीमही वाढली. ताशी 120 च्या रस्त्यावर कडेला उभं राहणं म्हणजे मरणाशी खेळ. म्हणून गाडी बंद पडली तर शक्य तितकी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण मागे लांब ठेवा, आणि माणसं गाडीत न बसवता कठड्यापलीकडे उभी करा. राष्ट्रीय महामार्गावर 1033, कुठंही अडचण असेल तर 112. विम्याच्या पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीचं कलम आहे का ते आजच घरी जाऊन बघा, पैसे भरून लोक विसरतात. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्या टोचन लावून कधी ओढू नका, त्या उचलून सपाट गाडीवरच न्यायच्या. आणि दगड मांडले असतील तर निघताना उचला. ही शेवटची गोष्ट चाचांच्या नावाने लक्षात ठेवा.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे उभा राहिलो ते सांगतो. कमिटीने राग मानू नये. मीही तुमच्या खुर्चीत बसलोय, खजिनदाराचं काम किती नकोसं असतं ते मला ठाऊक आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थकबाकीदारांची यादी यायला लागली. फ्लॅट नंबर, रक्कम, खाली लाल खुणा. आकडे बरोबर आहेत, मी तपासले. पैसे यायलाच हवेत, नाहीतर लिफ्ट आणि पाणी कसं चालणार? पण ती यादी म्हणजे माझ्या त्या नोटिशीसारखीच दाराच्या फटीतून सरकवलेली आहे. फरक इतकाच की माझी एका घरात गेली, ही एकशेवीस मोबाइलवर जाते. त्या यादीत आज कुणाच्या घरात काय चाललंय, आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

माझी विनंती एवढीच. यादी ग्रुपवर टाकण्याआधी बेल वाजवा. गरज असेल तर मला बरोबर घ्या, वय चौऱ्याहत्तर झालं तरी तीन मजले चढतो अजून, आणि आता तर लिफ्टही आहे.

हा दांडा ठेवायचा की विकायचा, ते कमिटीने ठरवावं. लोखंडाला भाव चांगला असेल तर विका, माझी हरकत नाही. पण ती बेल वाजवायची रीत भंगारात काढू नका.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो. पुढची पंचवीस वर्षं बघायला मी नसेन, तुम्ही असाल. तिसऱ्या रांगेतले आमचे मित्र आता खुणेनं सांगतायत की पुरे करा, जेवण थंड होतंय. त्यांचं मी तेव्हाही ऐकलं नव्हतं, आज ऐकतो.